सकाळी म्हणजे किती वाजता?
(व्यवस्थापनाचे शिक्षण, संशोधन आणि आपण सभासद)

– ऊस विकास अधिकारी



या पानावर आपण आजवर बेणेप्रक्रिया, खोडव्याची जोपासना, हुमणीचा बंदोबस्त, पाण्याच्या पाळ्या असे विषय घेतले. या वेळचा विषय जरा निराळा आहे. आपल्या भागातील पुष्कळ मुले-मुली आता पदवीनंतर एम.बी.ए.ला जातात. काही जण त्याही पुढे जाऊन विद्यापीठात व्यवस्थापनशास्त्रात पीएच.डी.साठी संशोधन करतात. शिवारात गेलो की सभासद विचारतात, "साहेब, पोरगं यम.बी.ए. करतंय म्हणं. म्हंजे नेमकं काय शिकतंय? आणि त्याचा आपल्या उसाला काय उपेग?"

प्रश्न रास्त आहे. मी स्वतः कृषी पदविकेचा माणूस. व्यवस्थापनाचे वर्ग मी केलेले नाहीत. पण या विषयाचा एक धडा मला आपल्याच वजनकाट्यावर एका मुलीने दिला. तो आधी सांगतो, मग विषयाकडे वळू.

काट्यावरची मुलगी

आपल्या एका सभासदाची मुलगी कोल्हापुरात एम.बी.ए. करीत होती. या शिक्षणात एखाद्या कारखान्यात, बँकेत किंवा कंपनीत काही आठवडे काम करून अहवाल लिहावा लागतो. त्याला प्रोजेक्ट म्हणतात. तिने आपला कारखाना निवडला. हंगाम ऐन भरात होता. तिला शेतकी खात्यात माझ्याकडे पाठविले. खरे सांगतो, मला जरा कटकटच वाटली. म्हटले, दोन दिवस बसेल, चार आकडे लिहून नेईल.

तिने पहिल्या दिवशी तोडणीचे रजिस्टर मागितले. चाळता चाळता विचारले, "काका, तोडणीची वेळ कुठं लिहिलीय?"

"ही काय, समोरच. सकाळी."

"सगळ्यांचीच सकाळी?"

"तोडणी सकाळीच असते बाळ."

"पण सकाळी म्हणजे किती वाजता? आणि कुठल्या दिवशीची सकाळ?"

मी काही बोलायच्या आत, बाजूला चिठ्ठीसाठी उभे असलेले आमच्या गटातले एक वयस्क सभासद म्हणाले, "आवो साहेब, पोरगी बरोबर इचारतीया. माझा ऊस रजिस्टरला काल सकाळी तुटलाय. पर शेतात त्यो परवा सकाळी तुटलाय. ट्रॅक्टरच न्हाई आला."

मी गप्प झालो. वीस वर्षे या खात्यात काढली. उसाच्या जातीची, लागणीच्या तारखेची, खतमात्रेची नोंद बिनचूक ठेवली. पण तुटलेला ऊस गव्हाणीत पडेपर्यंत किती तास जातात, या साध्या प्रश्नाला माझ्या रजिस्टरात उत्तर नव्हते. व्यवस्थापनाचा अभ्यास येथून सुरू होतो. आपण जे रोज करतो, ते खरोखर कसे होते, याची नोंद घेण्यापासून.

व्यवस्थापन शिकणे म्हणजे काय?

माणसे, पैसा, यंत्रे, माल आणि वेळ या पाच गोष्टींचा मेळ घालून ठरलेले काम कमी नुकसानीत पुरे करणे, याला व्यवस्थापन म्हणावे. आपली घरधनीण लग्नाच्या पंगतीचा स्वयंपाक करून घेते ते व्यवस्थापनच. मुकादम टोळी सांभाळतो तेही व्यवस्थापनच. मग त्याला विद्यापीठ कशाला, असे कोणी म्हणेल. तर शेतीही आपण पिढ्यान् पिढ्या करीत होतो, तरी १९३२ साली पाडेगावला ऊस संशोधन केंद्र निघाले आणि त्याचा फायदा घराघरांत पोचला. अनुभवाला नोंदीची आणि तुलनेची जोड मिळाली, की त्याचे शास्त्र होते.

अमेरिकेत विद्यापीठाशी जोडलेली पहिली व्यापार-शिक्षणाची संस्था, व्हार्टन, १८८१ साली निघाली. एका लोखंडाच्या कारखानदाराने तिला पैसा दिला. हार्वर्ड विद्यापीठाने १९०८ साली आपली संस्था काढली. तेथे एखाद्या उद्योगात खरोखर घडलेला पेच विद्यार्थ्यांपुढे ठेवून 'तुम्ही मालकाच्या जागी असता तर काय केले असते?' असे विचारीत शिकविण्याची पद्धत रूढ झाली. आपल्या देशात अहमदाबादची व्यवस्थापन संस्था १९६१ साली सुरू झाली. तेथे शेती-व्यवस्थापनाचे स्वतंत्र केंद्र आहे. मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था १९६५ ची. पुण्यात सहकारी क्षेत्रातील अधिकाऱ्यांना शिकविणारी वैकुंठ मेहता राष्ट्रीय सहकारी व्यवस्थापन संस्था १९६७ पासून त्या नावाने चालते. गुजरातेत आणंद येथे दूध संघांसाठी माणसे घडवावीत म्हणून डॉ. कुरियन यांनी १९७९ साली ग्रामीण व्यवस्थापनाची संस्था काढली. त्याच संस्थेचे २०२५ साली संसदेच्या कायद्याने त्रिभुवन सहकारी विद्यापीठ झाले.

आणि आपल्या दाराशी? शिवाजी विद्यापीठ १९६२ साली स्थापन झाले. त्याच्या वाणिज्य व व्यवस्थापन विभागात एम.बी.ए. आणि पीएच.डी. या दोन्हींची सोय आहे. कोल्हापुरात डॉ. ए. डी. शिंदे यांनी १९७६ साली छत्रपती शाहूंच्या नावाने व्यवसाय शिक्षण व संशोधनाची संस्था उभी केली. लोक तिला 'सायबर' म्हणून ओळखतात. जयसिंगपुरातून एस.टी.त बसले की तासा-दीड तासात माणूस तेथे पोचतो. पुण्या-मुंबईला गेल्याशिवाय हे शिक्षण मिळत नाही, असा समज असेल तर तो मनातून काढावा.

शिकणे वेगळे, संशोधन वेगळे

या दोन गोष्टींत आपली गल्लत होते. शेतीचा दाखला घेऊ. को ८६०३२ ची लागण किती फुटांवर करावी, खत कोणत्या हप्त्याने द्यावे, हे मी तुम्हांला सांगतो तेव्हा तुम्ही शिकता. उत्तर आधीच ठाऊक असते. पण नवी जात या मातीत टिकेल का, हे कोणालाच ठाऊक नसते तेव्हा केंद्रावर वाफे पाडतात. एका वाफ्यात नवी जात, शेजारी जुनी. खत सारखे, पाणी सारखे. असे वाफे चार ठिकाणी पाडायचे, म्हणजे एका कोपऱ्यातल्या चांगल्या मातीने फसगत होत नाही. मग वजन करून निर्णय द्यायचा. हे संशोधन.

एम.बी.ए. हे मुख्यतः शिकणे आहे. पदवीनंतर दोन वर्षे, राज्याची प्रवेश परीक्षा देऊन. त्यात हिशेब, खर्चाचे पृथक्करण, विक्री, माणसांची हाताळणी, संख्याशास्त्र, कायदा असे विषय येतात. पीएच.डी. हे संशोधन आहे. त्याला किमान तीन वर्षे लागतात. विद्यार्थ्याने मार्गदर्शकाच्या हाताखाली एक प्रश्न निवडायचा, त्यावर पूर्वी कोणी काय लिहिले ते वाचायचे, मग स्वतः माहिती गोळा करायची, ती तपासायची, प्रबंध लिहायचा आणि परीक्षकांपुढे बसून त्याचे समर्थन करायचे.

फरक एवढाच, की व्यवस्थापनाच्या संशोधकाला वाफे पाडता येत नाहीत. त्याचे वाफे म्हणजे आपले कारखाने, गट, टोळ्या आणि आपण सभासद. त्याचे वजनकाटे म्हणजे आपण दिलेली उत्तरे. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिच्याकडे परत यायचे आहे.

एक उदाहरण करून पाहू

आता पाटी-पेन्सिल घ्या. एम.बी.ए.च्या वर्गात शिकवितात तसलेच एक गणित आपल्या केनयार्डावर मांडू. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत.

समजा, एक कारखाना दिवसाला ४८०० टन ऊस गाळतो. म्हणजे तासाला २०० टन. ऊसही दिवसाला बरोबर ४८०० टनच येतो. मग गाड्या उभ्या राहायला नकोत. पण राहतात. का?

ऊस दिवसभर सारखा येत नाही म्हणून. टोळी पहाटे फडात शिरते, दुपारपर्यंत तोड होते, भरणी होते आणि ट्रॅक्टर निघतात. समजा, दुपारी १२ ते रात्री १२ या वेळात तासाला ३०० टन येतो आणि रात्री १२ ते दुपारी १२ या वेळात तासाला १०० टन. एकूण ३६०० अधिक १२००, म्हणजे ४८०० टनच. पण दुपारपासून दर तासाला १०० टन जास्तीचा साचत जातो आणि रात्री १२ वाजता यार्डात १२०० टन ऊस उभा असतो. पुढे तो उतरत जातो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी संपतो. लगेच नवा साचायला लागतो. सरासरी बरोबर, तरी रांग रोजची.

आता त्या रात्री १२ वाजता आलेल्या गाडीने किती वेळ थांबायचे? पुढे १२०० टन, गाळप तासाला २०० टन. १२०० भागिले २०० म्हणजे ६ तास. त्याचा ऊस पहाटे ६ वाजता गव्हाणीत पडेल. दिवसभराचा सरासरी साठा ६०० टन धरला तर सरासरी थांबणे ३ तास. हा नियम जॉन लिटल या अमेरिकी संशोधकाने १९६१ साली सिद्ध करून दाखविला आणि जगभर त्याच्या नावाने शिकवितात. बँकेतील रांग असो, दवाखान्यातील असो की आपल्या काट्यावरची, हिशेब एकच:

थांबण्याचे तास = उभा असलेला ऊस ÷ तासाचे गाळप

यात विशेष असे, की हा हिशेब करायला कोणाची परवानगी लागत नाही. यार्डात किती गाड्या उभ्या आहेत ते मोजा, सरासरी टनाने गुणा, तासाच्या गाळपाने भागा. कोणी "आत्ता होतंय खाली" म्हणाले तरी तुम्हांला खरी वेळ कळेल.

मग रांग अजिबात नकोच, असे म्हणावे काय? तसेही नाही. यार्ड रिकामे पडले तर 'नो केन' होऊन गाळप थांबते. वाफ, बगॅस, मजुरी सारे वाया जाते आणि गिरणी पुन्हा लयीत यायला वेळ लागतो. म्हणून थोडा साठा लागतोच. किती लागतो, तो जवळच्या गटाचा असावा की लांबच्या, चिठ्ठ्या कोणत्या वेळेच्या द्याव्यात, साठा वाढला की कोणत्या टोळीला आधी थांबवावे, हे ठरविणे म्हणजे व्यवस्थापन. ते ठरवायला 'सकाळी' हा शब्द पुरत नाही. तास लागतो.

तासाची किंमत

तुटलेला ऊस हा जिवंत माल आहे. तोडल्यावर पाणी उडते, वजन घटते. रसातील साखरेचे विघटन होऊ लागते, कापलेल्या टोकांतून जंतू शिरतात. ऊन जास्त तेवढे नुकसान जास्त, आणि जळालेल्या उसात तर सर्वांत जास्त. म्हणूनच तोडल्यापासून २४ तासांच्या आत गाळप व्हावे, असे आपण नेहमी सांगतो.

आता हिशेब पाहा. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये एफ.आर.पी. ठरविली. त्यावर उतारा ०.१ टक्क्याने वाढला की क्विंटलला ३ रुपये ४६ पैसे जास्त. म्हणजे टनाला ३४ रुपये ६० पैसे. दहा लाख टन गाळणाऱ्या कारखान्यात हीच रक्कम होते ३ कोटी ४६ लाख रुपये. उताऱ्याच्या एका दशांश टक्क्याची ही गोष्ट. तेवढ्या गाळपात ०.१ टक्का म्हणजे १० हजार क्विंटल साखर.

येथे एक बारकावा आहे. ऊस फडात वाळला तर वजनाचे नुकसान ज्याचा ऊस त्याचेच. तो सभासद तक्रार करतो, आणि करावीच. पण साखरेचे नुकसान उताऱ्यात जाते, आणि उतारा सर्वांचा मिळून एकच धरला जातो. एका गाडीतले साखरेचे नुकसान हजारो सभासदांत वाटले जाते, म्हणून ते कोणालाच जाणवत नाही. सगळ्यांचे नुकसान ते कोणाचेच नुकसान नव्हे, अशी ही गत आहे. व्यवस्थापनाच्या आणि अर्थशास्त्राच्या अभ्यासात अशा पेचांचा फार विचार होतो, कारण चांगली माणसे असूनही संस्था येथेच घसरतात.

सहकार आणि विद्यापीठ: जुने नाते

विद्यापीठातला माणूस आणि शेतकरी यांचा मेळ बसत नाही, असे मानणाऱ्यांनी प्रवरेची आठवण ठेवावी. धनंजयराव गाडगीळ केंब्रिज विद्यापीठात शिकले. भारतातील उद्योगांच्या वाढीवर तेथे त्यांनी केलेले संशोधन १९२४ साली पुस्तकरूपाने निघाले. १९३० साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली, तेव्हा ते तिचे संचालक झाले. अशा माणसाची आणि फारशी शाळा न शिकलेल्या विठ्ठलराव विखे पाटलांची गाठ पडली. लोणीच्या कारखान्याचे पहिले अध्यक्ष गाडगीळ झाले. १९५०-५१ च्या हंगामात पहिले गाळप झाले. गाडगिळांना ऊस लावता येत नव्हता. विखे पाटलांना अर्थशास्त्राची परिभाषा येत नव्हती. पण एकाकडे आकड्यांची शिस्त होती आणि दुसऱ्याकडे माणसांचा विश्वास. दोन्ही एकत्र आले म्हणून सहकारी साखर कारखानदारीची घडी बसली. आपल्या भागात रत्नाप्पाण्णा कुंभारांनी पंचगंगा कारखाना उभा केला, तो याच चळवळीतला.

आता एक फरक समजून घ्या. खाजगी कंपनीवर लिहिलेली पुस्तके जशीच्या तशी आपल्याला लागू पडत नाहीत. कंपनीत मालक वेगळा, माल पुरविणारा वेगळा. आपल्याकडे सभासद हाच मालक, तोच ऊस पुरविणारा आणि तोच मतदार. मालक म्हणून त्याला वाटते खर्च कमी व्हावा. ऊस देणारा म्हणून वाटते दर जास्त मिळावा, आणि आपली तोड आधी व्हावी. मतदार म्हणून आणखी काही वाटते. एका माणसाच्या डोक्यात तीन टोप्या. म्हणून सहकाराचे व्यवस्थापन हा वेगळा आणि अवघड अभ्यास आहे, आणि तो करायला आपल्यातलीच मुले पाहिजेत.

आपल्यावर लिहिले गेले, आपण वाचले का?

आपल्या कारखानदारीवर पुष्कळ संशोधन झाले आहे. बी. एस. बाविस्कर या मराठी समाजशास्त्रज्ञाने कोपरगाव कारखान्यात राहून अभ्यास केला आणि १९८० साली ग्रंथ प्रसिद्ध केला. कॅनडातील मॅक्गिल विद्यापीठाच्या डोनाल्ड ॲटवूड यांनी बारामतीजवळील माळेगाव भागात वर्षानुवर्षे हिंडून ऊस शेतकऱ्यांचा अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ १९९२ साली निघाला.

आणखी एक अभ्यास सांगतो. तो कडू आहे, पण सांगायला हवा. अभिजित बॅनर्जी, दिलीप मुखर्जी, कैवान मुन्शी आणि देवराज रे या चौघा अर्थशास्त्रज्ञांनी महाराष्ट्रातील जवळजवळ शंभर सहकारी साखर कारखान्यांची १९७१ ते १९९३ या काळातील आकडेवारी तपासली आणि २००१ साली निष्कर्ष मांडले. यांपैकी बॅनर्जी यांना पुढे २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: ज्या भागात सभासदांच्या जमिनींत तफावत जास्त, म्हणजे काही मोठे बागायतदार आणि बाकी लहान शेतकरी, तेथे कारभार मोठ्यांच्या हाती जाण्याचा कल असतो. तेथे उसाचा दर दाबून ठेवला जातो आणि शिल्लक इतरत्र वळविली जाते. अशा भागात गाळप क्षमताही कमी राहते.

हे वाचून कोणाला राग येईल. मलाही प्रथम वाटले, दिल्ली-अमेरिकेत बसून यांना काय कळते! पण राग येणे म्हणजे उत्तर नव्हे. संशोधनाला उत्तर आकड्यांनीच द्यावे लागते. आपल्याकडे तसे नाही असे म्हणायचे असेल तर ताळेबंद, तोडणी क्रमाची यादी आणि लहान-मोठ्या सभासदांच्या तोडीच्या तारखा मांडून दाखवाव्यात. आणि ते मांडता येण्यासाठी नोंदी खऱ्या पाहिजेत.

माझी एक चूक

येथे मला एक कबुली द्यायची आहे. संपादकांनी विचारले, छापायचे का? म्हटले, छापा.

त्या मुलीच्या आधी काही वर्षे एक संशोधक विद्यार्थी आमच्या गटात आला होता. पीएच.डी. करीत होता. त्याच्याकडे छापील प्रश्नावली होती. ऊस किती एकर, उत्पन्न किती, तोड कधी आली, पैसे कधी मिळाले, कर्ज किती, कारखान्याच्या सेवेबद्दल मत काय, असे प्रश्न. चाळीस सभासदांकडून त्या भरून हव्या होत्या. हंगामाची गडबड होती. मी म्हटले, "ठेव इथं, भरून देतो." आणि एका रात्री गट ऑफिसात बसून, चहा घेत, चाळीसच्या चाळीस मी एकट्याने भरल्या. सभासद माझ्या ओळखीचे होते. अंदाजे बरोबरच लिहिले, असे मला वाटत होते. 'कारखान्याच्या सेवेबद्दल मत' या रकान्यात बहुतेकांच्या नावे 'समाधानी' लिहिले. त्यांना न विचारता.

पुढे त्या मुलाचा प्रबंध झाला. एक प्रत त्याने मला आणून दिली. पहिल्या काही पानांतच माझे नाव घालून आभार मानले आहेत. मला तेव्हा अभिमान वाटला होता. काट्यावरच्या मुलीने 'सकाळी म्हणजे किती वाजता' विचारले त्या रात्री मी ती प्रत पुन्हा उघडली. त्यातील कोष्टकांत चाळीस सभासदांची मते होती. ती माझी मते होती. त्या मुलाने तीन वर्षे घातली, आणि वाफ्यात मी खोटे बियाणे टोकले होते. पुढे कोणी तो प्रबंध वाचून 'या भागातील शेतकरी समाधानी आहेत' असे लिहील, आणि एखादे धोरण त्यावर ठरेल. ज्या सभासदाचा ऊस दोन दिवस फडात वाळला, त्याची तक्रार मी एका शब्दात पुसून टाकली होती.

त्या विद्यार्थ्याला मी सारे लिहून कळविले आहे. पण झालेले फिरत नाही. तुम्ही माझी चूक करू नका, एवढ्यासाठी हे लिहिले.

तुम्हीही हसू नका. प्रश्नावली घेऊन कोणी दारात आला की आपणही काय करतो? एकरी साठ टन निघाला तर ऐंशी सांगतो, कारण शेजारी उभा असतो. कर्ज विचारले की निम्मे सांगतो. पाण्याच्या पाळ्या विचारल्या की मी शिफारस केलेल्या सांगतो, दिलेल्या सांगत नाही. मग शास्त्रज्ञांचे निष्कर्ष आपल्या शेतात का चालत नाहीत म्हणून आपणच नावे ठेवतो.

आपण काय करावे?

१. तोडणीची वेळ स्वतः लिहून ठेवा. आपल्या फडात पहिला कोयता कधी लागला, भरणी कधी झाली, गाडी काट्यावर कधी लागली. तारीख आणि तास. मोबाइलवर एक फोटो काढला तरी त्यात वेळ नोंदली जाते. या हंगामापासून शेतकी खात्याने तोडणी चिठ्ठीवर तासाचा रकाना घातला आहे. स्लिपबॉयने 'सकाळी' लिहिले तर चिठ्ठी परत करा, माझे नाव सांगा.

२. विद्यार्थी आला तर दार उघडा. पण त्याला चार गोष्टी विचारा: कोणत्या विद्यापीठाचा, मार्गदर्शक कोण, ही माहिती कशासाठी, आणि माझे नाव छापणार का? खरा संशोधक न रागावता उत्तर देतो. सांगायचे नसेल ते 'सांगत नाही' म्हणा. खोटे मात्र सांगू नका. रिकामा रकाना खोट्या रकान्यापेक्षा बरा.

३. निष्कर्ष परत मागा. विद्यार्थी आकडे घेऊन जातो, प्रबंध ग्रंथालयात जातो, आणि ज्यांच्यावर लिहिला त्यांना पत्ता नसतो. अहवालाचे एक-दोन पानी मराठी सार गट ऑफिसात वाचून दाखवावे, अशी अट आपण प्रेमाने घालू शकतो. त्या मुलीने ते केले. तिचे सार ऐकायला ओटा भरला होता, आणि तिच्यापेक्षा जास्त प्रश्न बायकांनी विचारले.

४. वार्षिक सभेचा अहवाल वाचा. एम.बी.ए.च्या पहिल्या वर्षाला ताळेबंद वाचायला शिकवितात. घरात असे मूल असेल तर अहवाल त्याच्यापुढे ठेवा आणि म्हणा, "ऊसखरेदी, तोडणी-वाहतूक, व्याज आणि पगार, या चार ओळी गेल्या वर्षाशी ताडून मला सांग." त्याचाही अभ्यास होईल, तुमचाही.

५. मुलांना या शिक्षणाला घालताना हिशेब करा. केवळ शहरातील नोकरीसाठी, भारी फी भरून, वर्गात शिकविते कोण हे न पाहता घालू नये. कोणत्या संस्थेला विद्यापीठाची मान्यता आहे, कायम शिक्षक किती, प्रोजेक्ट खरे करून घेतात की बाजारातून टाइप करून आणलेले चालते, हे चौकशी करून पाहावे. आणि मुलगी हुशार असेल तर मुलाआधी तिचा विचार करावा.

शेवटी

व्यवस्थापनाची पदवी म्हणजे जादूचा कोयता नव्हे. ऊस ओळखता न येणारा पदवीधर कारखान्यात येऊन केवळ तक्ते रंगवीत बसला तर उपयोग नाही, हे मीही पाहिले आहे. तसेच 'आम्हांला अनुभव आहे' म्हणत नोंदच न ठेवणारा माझ्यासारखा जुना माणूसही तेवढाच तोट्याचा. दोघांनी एका काट्यावर उभे राहिले पाहिजे.

ती मुलगी प्रोजेक्ट पुरे करून गेली तेव्हा म्हणाली, "काका, पुढच्या वर्षी पीएच.डी.ची परीक्षा देणार. विषय ठरलाय. तोडणीपासून गव्हाणीपर्यंत." मी म्हटले, "ये. रजिस्टर तयार ठेवतो." आता ते शब्द पाळणे माझ्या एकट्याच्या हाती नाही. तुमच्या फडातला तास तुम्हीच खरा सांगायचा आहे.

अभ्यासासाठी प्रश्न (गट ऑफिसातील पुढील बैठकीत उत्तरे घेऊन यावे)

(१) यार्डात ९०० टन ऊस उभा आहे. गाळप तासाला १५० टन आहे. शेवटच्या गाडीला किती तास थांबावे लागेल?

(२) तुमच्या मागील तोडीत पहिला कोयता लागल्यापासून काट्यापर्यंत किती तास गेले? त्यांतील फडात किती, रस्त्यावर किती, यार्डात किती? माहीत नसेल तर 'माहीत नाही' असेच लिहावे.

(३) ऊस वाळल्याने होणारे कोणते नुकसान एकट्या सभासदाचे आणि कोणते सर्वांचे? सर्वांचे नुकसान टाळण्यासाठी तुमच्या गटाने कोणता एक नियम करावा?

पहिल्याचे उत्तर एका ओळीत येईल. दुसऱ्याला नोंद लागेल. तिसऱ्याला मात्र आपण सर्वांनी एकत्र बसावे लागेल.

जय सहकार!